एकोणसाठ किलोची स्प्रिंग

पार्सलबाईला खोटं वजन खपत नसे. पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीवर बावीस वर्षं बसून तिचा हात असा तयार झाला होता, की पुडकं उचललं की आकडा आधी तिच्या तोंडातून निघायचा आणि मग काट्यावर दिसायचा. कुणी म्हणालं, "बाई, दोनच किलो आहे हो, घरी तोलून आणलंय," की ती चष्म्यावरून बघायची. "घरचा काटा घरच्यांचे लाड करतो. ठेवा इथं." एकदा खुद्द पोस्टमास्तरांच्या सासूबाईंचं पार्सल वीस ग्रॅम जास्त भरलं. तिनं ते रांगेसमोर उघडायला लावलं आणि आतला एक मोजा बाहेर काढला. सासूबाई तो एकुलता एक मोजा हातात धरून घरी गेल्या. तेव्हापासून लोक म्हणायचे, पार्सलबाईनं आकडा सांगितला ना, मग पुन्हा तोलू नका.

अशी ही बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकलच्या नादी लागली.

झालं असं. एका दुपारी खिडकीशी कुणी नव्हतं. एक म्हातारा पाकीट टाकून बाहेर गेला. दाराशी त्याची सायकल होती. चाकं केवढी, तर परातीएवढी. पार्सलबाईला वाटलं, नातवाची घेऊन आलाय बिचारा. तो बिचारा सायकलवर बसला आणि पोस्टाच्या तीन पायऱ्या बसल्या बसल्या उतरून निघून गेला. डोक्यावरची टोपीसुद्धा हलली नाही. पार्सलबाईच्या हातातला शिक्का मात्र हवेतच राहिला.

पुढच्या आठवड्यात तिनं त्याचं घर शोधून काढलं. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस तो. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. घराच्या मागं पत्र्याची खोली, त्यात लेथ, एक छोटी भट्टी, आणि भिंतीवर टांगलेल्या सायकलींच्या सांगाड्यांची रांग. खोलीत आणखी दोघं बसले होते, निवृत्त हेडमास्तर आणि दाताच्या डॉक्टरीणबाई. दोघांच्याही सायकली मिस्त्रींनीच केलेल्या. अशा लहान चाकांच्या सायकली असलेली दहा माणसं मिळून दर रविवारी सकाळी कालव्याच्या रस्त्यानं जायची.

"मोठं चाक खड्ड्यावरून जातं, बाई," मिस्त्री सांगू लागले. "लहान चाक खड्ड्यात जातं. पण लहान चाक चटकन पळतं, हलकं असतं, सायकल मधून उघडली की पलंगाखाली मावते. मग चाक लहानच ठेवायचं आणि खड्ड्याचा बंदोबस्त करायचा. पुढं स्प्रिंग, मागं रबराचा ठोकळा. नाहीतर आमच्या लोकांचे दात रस्त्यावरून गोळा करावे लागतील."

"आणि माझं बरं चाललं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या माणसानं माझं गिऱ्हाईक तोडलं."

मिस्त्रींनी पुढच्या चाकाजवळचा सांधा दाखवला. दोन छोटे हात, मध्ये बोटाएवढी पिन, वर स्प्रिंग. "नख फिरवून बघा. अडकतंय कुठं?" पार्सलबाईनं नख फिरवलं. दोन तुकडे कुठं संपतात आणि कुठं सुरू होतात ते नखालाही कळेना. तिनं डोळे मिटून पुन्हा फिरवलं. त्या क्षणी ती गेली ती गेलीच.

घरी येऊन तिनं नवऱ्यापुढं पाढा वाचला. नवरा बसचा ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन खुर्चीला चिकटला होता.

"अहो, टोपीसुद्धा हलली नाही!"

"बत्तीस वर्षं मी पाट्यांच्या स्प्रिंगांवरची बस चालवली. माझ्या टोपीची चौकशी कधी केलीस?"

"तुमच्या बसमध्ये माझी कवळी हलायची."

"तुला कवळी नाहीये."

"तेव्हापासूनच नाहीये!"

नवरा हसला. बाई सुखात आहे म्हटल्यावर त्याला आणखी काही नको होतं.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती. तयार स्प्रिंग ते कुणालाच लावत नसत. माणसागणिक तार निवडायची, लेथवर वळायची, भट्टीत घालायची. जड माणसाला जाड तार, हलक्याला बारीक. म्हणून सायकल करायला घेतली की पहिला प्रश्न एकच: वजन किती? खोलीत वजनकाटा नव्हता. विचारायचे, माणूस सांगायचा, आणि मिस्त्री तो आकडा दारामागच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. टोपणनाव आणि पुढं किलो. दहाही जणांचे आकडे तिथं होते, सगळ्यांना दिसतील असे.

पार्सलबाईची पाळी आली त्या रविवारी खोली भरलेली होती. फळ्यावर डॉक्टरीणबाईंच्या पुढं त्रेपन्न होतं, हेडमास्तरांच्या पुढं चौसष्ट. कुणाचंच सत्तरच्या वर नव्हतं. मिस्त्री खडू घेऊन उभे राहिले, पाठमोरे, कारण बाईमाणसाला वजन विचारताना तिच्याकडं बघायचं नाही ही त्यांची शिस्त.

"हं बाई, किती?"

"एकोणसाठ," पार्सलबाई म्हणाली.

खडू चालला. झालं.

आता ते अगदीच खोटं होतं असं नाही. तीस वर्षांपूर्वीचं होतं, एवढंच. लग्नाआधी कधीतरी ती एकोणसाठ किलो होती आणि तो आकडा तिच्या मनात जपून ठेवलेल्या लुगड्यासारखा घडी घालून पडला होता. खरं वजन होतं अठ्ठ्याहत्तर. घरी येताना तिनं स्वतःची समजूत काढली, सायकल व्हायला दोन महिने आहेत, तोवर उतरवू. तिनं साखर सोडली, रात्रीचं जेवण अर्धं केलं. महिन्यात दीड किलो उतरलं. मग सायकलीचा सांगाडा तयार झाल्याचा निरोप आला आणि त्या आनंदात दोन किलो चढलं.

एकदा मात्र ती खरं सांगायला म्हणून गेली होती. तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींनी भट्टीतून नुकती काढलेली स्प्रिंग फडक्यावर तिच्यापुढं धरली. बारीक, निळसर, एकेक वेढा सारख्या अंतरावर. "ही तुमची," ते म्हणाले. नवीन बाळ दाखवताना म्हणतात तसं. पार्सलबाई म्हणाली, "फार सुरेख," आणि घरी आली.

सायकल ताब्यात देताना मिस्त्री माणसाला तिच्यावर बसवून बघत. स्प्रिंगशेजारी एक खूण असायची. माणूस बसला की सांधा तिथपासून अंगठ्याच्या रुंदीएवढा खाली यायला हवा.  ती बसली, पण चपलेत दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला असे रोवले की जास्तीचा भार तिनं पायांवरच तोलून धरला. पोटऱ्या थरथरत होत्या. मिस्त्री वाकून खुणेकडं बघत होते.

"वा! बरोबर अंगठाभर," ते म्हणाले.

चूक तोंडातून निसटते, तिला एकवेळ माफी असेल. पण हे पायाच्या अंगठ्यांनी, विचार करून केलेलं. पुढं पार्सलबाईला जेव्हा जेव्हा शरम वाटली, तेव्हा तो एकोणसाठ आकडा कमी आणि ते दोन अंगठेच जास्त आठवले.

चार महिने ती त्या सायकलवर रविवारी गेली. सपाट रस्त्यावर स्वर्ग. खड्डा आला की मात्र खालून आवाज यायचा, टक्क. स्प्रिंग पार दबून लोखंडावर लोखंड आपटल्याचा. बाकीच्यांच्या सायकली त्याच खड्ड्यावरून मांजरासारख्या जायच्या. हेडमास्तर एकदा म्हणाले, "बाई, तुमची काहीतरी बोलते हो." ती म्हणाली, "नवी आहे ना, बुजलेली आहे." सगळे हसले. तीही हसली.

पाचव्या महिन्यात कालव्याच्या उतारावर एक खड्डा खोल निघाला. टक्क झालं आणि पाठोपाठ काहीतरी तुटलं. पिन गेली होती. पार्सलबाई हँडलवरून पुढं गेली. हनुवटीला दोन टाके, डावा हात प्लास्टरमध्ये. डॉक्टरीणबाईंनी दातांवरून बोट फिरवून सांगितलं, "दात सगळे जागेवर आहेत." त्यावर कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत तुटकी पिन.

"दोन रात्री बघतोय," ते म्हणाले. "धातू चांगला आहे. माप चांगलं आहे. म्हणजे स्प्रिंगनं दगा दिला. तार मी निवडली, वळली मी, तापवली मी. खोट माझ्यात आहे, बाई. तुमचा जीव जायचा होता."

 पार्सलबाईला त्या रुमालाकडं बघवेना, मिस्त्रींकडं तर नाहीच. शेवटी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "चहा घेता?"

"नको," मिस्त्री म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवून ते गेले. जाताना पायरीवर जरा चाचपडले.

मग त्यांनी सगळ्यांच्या सायकली परत मागवल्या. माझ्या स्प्रिंगवर आता कुणी बसायचं नाही, म्हणाले. पुढच्या रविवारी पार्सलबाई हात गळ्यात अडकवून तिथं गेली तर टेबलावर अकरा स्प्रिंगा ओळीनं मांडलेल्या. मिस्त्री तिच्याच स्प्रिंगवर वजनं ठेवून बघत होते.

"एकोणसाठ ठेवले की अंगठाभर बसते," ते स्वतःशीच म्हणत होते. "दहा वेळा बघितलं. बरोबर बसते. मग रस्त्यावर काय होतं? एक तर माझे डोळे आकडे चुकीचे वाचतात, नाहीतर डोकं."

"मिस्त्री, वय कुणाचं होत नाही?" हेडमास्तर समजुतीनं म्हणाले, आणि ती समजूत मिस्त्रींना चपराकीसारखी लागली. त्यांनी वजनं एकेक करून खाली ठेवली.

"खरंय. माणूस मरायच्या आधी थांबलेलं बरं. लेथ मी कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला देऊन टाकतोय. पुढच्या रविवारी टेम्पो येईल. तुमच्या सायकलींना बाजारातल्या तयार स्प्रिंगा बसवून घ्या."

 पार्सलबाई बोलली नाही. तिथं बोलायला हवं होतं, तीन वाक्यं पुरली असती. पण फळा समोर होता, आणि नऊ-दहा माणसं होती. ती आली तशी घरी गेली.

नवऱ्यानं तिचं तोंड बघितलं. तिनं लेथचं सांगितलं, स्प्रिंगांचं सांगितलं, मिस्त्रींच्या डोळ्यांचं सांगितलं. एकच गोष्ट सोडून सगळं सांगितलं.

नवऱ्यानं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "तुझी सायकल टक्क करायची, नाही का?"

"हो. का?"

"अगं, बस खाली टेकते कधी, ठाऊक आहे? माणसं जास्त भरली की. तेव्हा पाट्यांना कुणी शिव्या देत नाही. कंडक्टरला विचारतात, बाबा रे, किती घेतलेस?"

पार्सलबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "किती सांगितलंस त्यांना?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं सांगितलं.

तो हसेल असं तिला वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता वर्तमानपत्राचा कागद सरळ केला आणि म्हणाला, "माझ्याशी लग्न झालं तेव्हासुद्धा तू एकोणसाठ नव्हतीस."

तो आठवडा पोस्टात कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. बुधवारी एक माणूस म्हणाला, "बाई, दीडच किलो आहे, घरी तोललंय," आणि पार्सलबाईनं त्याच्याकडं न बघता, काट्याला हात न लावता, दीड लिहून शिक्का मारला. माणूस इतका घाबरला की स्वतःच म्हणाला, "अहो, एकदा बघून तरी घ्या!"

रविवारी ती लवकर निघाली, तरी टेम्पो आधीच आला होता. दोन हमाल लेथचे बोल्ट सोडत होते. हेडमास्तर, डॉक्टरीणबाई आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे होते, मयताला आल्यासारखे. मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. काम नसलेले त्यांचे हात तिनं पहिल्यांदाच बघितले.

"थांबा," पार्सलबाई म्हणाली. आवाज फारच मोठा निघाला. हमाल थांबले. "मिस्त्री, स्प्रिंग चुकलेली नाही. मी खोटं बोलले."

"काय खोटं?"

"वजन."

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिले. "किती?"

"अठ्ठ्याहत्तर." आणि आता तोंड उघडलंच होतं म्हणून तिनं उरलेलंही सांगितलं. "बसवून बघितलंत तेव्हा मी अंगठे टेकले होते. मुद्दाम."

हेडमास्तर खोकले. एका हमालानं दुसऱ्याकडं बघितलं. मिस्त्री उठले, फळ्यापाशी गेले, पण त्यांनी खडू उचलला नाही.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही त्रेपन्न सांगितलेत. मी सत्तावन्न धरले. मास्तर, तुमचे चौसष्ट. मी एकोणसत्तर धरले."

"अहो!" हेडमास्तर म्हणाले.

"सगळेच कमी सांगतात. बायका चार, पुरुष पाच. तुम्ही सांगितलेला आकडा मी फळ्यावर लिहितो आणि तार माझ्या अंदाजानं घेतो. तुम्ही खूश, सायकल खूश." मग ते पार्सलबाईकडं वळले. "तुमच्यात मी एक ग्रॅम घातला नाही. म्हटलं, ही पार्सलबाई आहे."

त्यांनी आरडाओरडा केला असता, चार शब्द सुनावले असते, तर ती मान खाली घालून उभी राहिली असती आणि सगळं वाहून गेलं असतं. पण ते एवढंच बोलले, आणि बोलताना रागही नव्हता, नुसतं कोडं सुटल्याचं नवल होतं. पार्सलबाईला वाटलं, धरणीनं आता खरंच पोटात घ्यावं. अठ्ठ्याहत्तर किलोसकट.

"बसा," मिस्त्री म्हणाले.

"कुठं?"

"सायकलवर. नवी पिन घातली आहे, स्प्रिंग तुमचीच आहे. मास्तर, हँडल धरा. बाई, पाय वर घ्या. दोन्ही."

ती बसली. डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिची लाज राखायला म्हणून, पण त्यानंच ती आणखी उघडी पडली. पार्सलबाईनं पाय एकदम उचलले आणि सगळा भार धपकन खाली आला. टक्क. भरल्या खोलीत तो आवाज केवढा वाटला!

मिस्त्री गुडघ्यांवर बसून खुणेकडं बघत होते. "बरोबर," ते म्हणाले. "असंच व्हायला हवं. इथंच टेकायला हवं." वर बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलेलं होतं. "म्हणजे माझी स्प्रिंग बरोबर होती."

"पहिल्यापासून," पार्सलबाई म्हणाली. पाय अजून वरच होते. खाली घेऊ का हे विचारायचं तिला धाडस होईना.

टेम्पो रिकामा गेला.

तिची नवी स्प्रिंग सगळ्यांच्या शेवटी झाली. आधी दहाही जणांच्या जागच्या जागी बसल्या, मग तिची. पार्सलबाईनं एकदाही विचारलं नाही कधी होईल म्हणून. मिस्त्रींनी तिच्यावर डूख धरला असता तर एखादा वेढा मागंपुढं करणं त्यांना काय अवघड होतं? पण ती स्प्रिंग पहिलीपेक्षा देखणी झाली होती. जाड तार, तोच निळा रंग. फडक्यावर धरून दाखवली मात्र नाही. सायकलला बसवूनच दिली.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर पार्सलबाई ती घेऊन एकटीच कालव्याच्या रस्त्यानं गेली. खड्डा आला आणि गेला. दुसरा आला, तिनं मुद्दाम त्यात चाक घातलं. सायकल नुसती श्वास घेतल्यासारखी खाली गेली, वर आली. हे असं पहिल्या दिवसापासून मिळायचं होतं, त्या माणसानं हेच द्यायचं ठरवलं होतं, आणि त्याला मात्र दोन आठवडे आपले डोळे गेले असं वाटत राहिलं. पुलापाशी ती उतरली आणि सायकल हातात धरून चालत घरी आली.

"मोडली परत?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"नाही हो. फार छान झाली आहे," म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसून रडली. नवऱ्यानं सायकल आत नेली, पलंगाखाली सरकवली आणि तिच्याशेजारी येऊन बसला. 

पुढच्या रविवारी मिस्त्रींच्या खोलीत दाराशी वजनकाटा आला होता. गोदामात असतो तसला, लोखंडी, भरभक्कम. फळा पुसलेला होता. सगळ्यांनी एकेक करून काट्यावर उभं राहायचं. डॉक्टरीणबाई बरोबर सत्तावन्न भरल्या, त्यांना हसूही आलं आणि रागही. हेडमास्तर एकाहत्तर निघाले आणि म्हणाले, बूट जड आहेत. पार्सलबाईकडं कुणी रोखून बघितलं नाही, पण ती शेजारी उभी राहिली की बोलणं थोडं थांबायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं.

महिनाभरानं एक नवी बाई आली, बेकरीवाली, गुबगुबीत, हसरी. तिला सायकल करून हवी होती. मिस्त्रींनी मान न उचलता काट्याकडं बोट दाखवलं.

"अहो, मी सांगते की!" बेकरीवाली लाजली. "विचारा ना नुसतं."

"उभ्या राहा," मिस्त्री म्हणाले. नव्या तारेचं भेंडोळं उचलून ते लेथकडं गेले.

बेकरीवालीचा चेहरा उतरला. तिनं शेजारी बसलेल्या पार्सलबाईला हळूच विचारलं, "फार कडक आहेत का हो हे?"

"नव्हते," पार्सलबाई म्हणाली. "विचारायचे, आणि सांगू ते मुकाट लिहून घ्यायचे." तिनं बाकावर सरकून जागा केली. "माझ्यामुळं बंद झालं ते. बसा, काट्यावर मग जाल. मी एकोणसाठ सांगितले होते."

बेकरीवालीनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भुवया वर गेल्या. पार्सलबाईनं पदर सारखा केला नाही. बघू दिलं.